गाणारं मशीन आणि ठोकणारं मशीन

आमच्या शेजारचे दौलतमास्तर भांडं कधी डोळ्यांनी बघून घ्यायचे नाहीत. बोट मुडपून त्यावर टकटक करायचे, डोळे मिटायचे आणि कान पुढं करायचे. उंब्रजच्या बाजारात भांडीवाला त्यांना लांबून बघूनच कळशा आत ओढायला लागायचा. एकदा चांगली जाड बुडाची पितळी कळशी त्यांनी परत केली. का, तर म्हणे सुरात नाही. त्यांच्या बायकोनं, हौसाक्कानं, दुकानासमोरच कपाळाला हात लावला. "आवं, मला पाणी भरायचं हाय. मैफल न्हाई भरवायची."

"बेसूर कळशीचं पाणी पिऊन माणूस बेसूर हुतो," मास्तर म्हणाले. "पलटणीत असली भांडी आमी बघितली न्हाईत."

पलटणीच्या बँडात क्लॅरोनेट वाजवून पेन्शनीत आलेला माणूस तो. पलटणीतला चहा वेगळा, पलटणीतलं ऊन वेगळं. म्हैस लाथ झाडायला लागली तरी म्हणायचे, पलटणीत असं चालायचं नाही. हौसाक्का विचारायची, "पलटणीत म्हस तरी हुती का?" तर म्हणायचे, "न्हवती. म्हणून तर शिस्त हुती."

मी सांगलीची. लग्न होऊन उंब्रजला आले, तेव्हा आमची आणि मास्तरांची भिंत एकच. पहिल्याच थंडीत ते सकाळी दारात उभे. "वैनी, आमच्या भावाचं घोरणं काल अर्ध्या सुरानं उतरलं हुतं. सर्दी हाय का बघा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवी नवरी मी, काय बोलणार? पण दुपारपर्यंत आमच्या ह्यांना खरंच सर्दी झाली, आणि तेव्हापासून मी मास्तरांच्या कानाला मानायला लागले.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी लग्नाचा बँड काढला. लाल कोट, सोनेरी गोंडे, आणि सगळ्यांच्या पुढं छाती काढून मास्तर. क्लॅरोनेट ओठाला, पाय डावा-उजवा. त्यांना चालताना बघून नवरदेवसुद्धा घोड्यावर ताठ बसायचा. त्यांच्या एक पाऊल मागं ढोल घेऊन इस्माईलभाई. भाईंचं एस.टी. स्टँडजवळ पिंजाऱ्याचं दुकान. गाद्या, उशा, रजया. मास्तर रोज सकाळी तिथं जाऊन बसायचे आणि कापूस पिंजायच्या धनुकलीच्या तारेत खोड काढायचे.

"तार ढिली पडलीय, भाई."

"गादीला कुठं कान असत्यात, मास्तर?"

"झोपणाऱ्याला असत्यात की."

अशी दोघांची रोजची जुंपायची, आणि चहा मात्र एकाच बशीत.

आता मूळ गोष्टीकडं येते, नाहीतर मी बोलत सुटते. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. कराड-सांगलीकडं ऑर्केस्ट्राचं वेड आलं होतं. लोकांना लग्नात विजेची वाद्यं पाहिजे होती. आमच्या बँडाला सुपाऱ्या कमी यायला लागल्या. त्यात इस्माईलभाईंचा उजवा हात जड झाला. ढोल बडवायचं टिपरू वर जायचं ते खाली यायला वेळ लावायचं. ताल मागं पडला की वरात मागं पडायची. पाटणच्या एका लग्नात तर नवरदेवाचा घोडा उभ्या-उभ्या पेंगायला लागला. मास्तरांनी कुणाला दोष दिला नाही. घोडाच म्हातारा आहे म्हणाले.

त्याच सुमाराला आष्ट्याच्या एका बागायतदारानं पोरीच्या लग्नाची सुपारी दिली. अट एकच, बँडात नवं मशीन पाहिजे. त्याच्या भावकीत अजून तीन लग्नं ठरली होती. हे जमलं तर बँड तरणार, नाहीतर कोट पेटीत जाणार. सांगलीत एक ऑर्केस्ट्रावाला धंदा आवरत होता आणि त्याच्याकडं परदेशी दोन मशीनं होती. मास्तर, भाई, हौसाक्का आणि माहेरची वाट म्हणून मी, असे आम्ही एस.टी.नं सांगलीला गेलो.

ऑर्केस्ट्रावाला गोरागोमटा, नाकात बोलणारा माणूस. त्यानं समजावलं. एक होतं सिंथेसायझर. पेटीसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि वर बटणंच बटणं. बटण फिरवलं की बासरी, फिरवलं की सनई. दुसरं होतं सिक्वेन्सर. त्यात ताल एकदा बसवून द्यायचा, कळ दाबायची, की बंद करेपर्यंत पोटातनं ढोल, झांज, ताशा आपोआप. हौसाक्कानं तिथंच नावं ठेवली, गाणारं मशीन आणि ठोकणारं मशीन. दोन्ही घ्यायची आमची ऐपत नव्हती. कुठलंतरी एकच.

मास्तर पुढं झाले आणि बोट मुडपून दोन्ही मशीनांवर टकटक केली.

"अहो, भांडं आहे का ते?" ऑर्केस्ट्रावाला घाबरला.

"पोकळ हायेत दोनीबी," मास्तर म्हणाले. "वाजवा बघू."

त्यानं गाणाऱ्या मशीनची बटणं फिरवली, पट्टी दाबली, आणि खोलीत क्लॅरोनेट वाजलं. कुणीही न फुंकता. मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मशीनला चारी बाजूंनी वाकून बघून म्हणाले, "ह्यो श्वास कुठनं घेतो?"

"घेत नाही. त्याला गरज नाही."

"मंग दमतो कवा?"

"दमत नाही."

मास्तरांनी एका पट्टीवर हळूच बोट ठेवून बघितलं.

ऑर्केस्ट्रावाला सरळ माणूस होता. त्यानं सल्ला दिला, "मास्तर, तुम्ही तालाचं घ्या. छोटं आहे, गाडीवर ठेवून द्यायचं, कळ दाबायची. तुम्ही पुढं क्लॅरोनेट घेऊन चाला, आहे तसे. हे दुसरं गळ्यात अडकवता येत नाही. हातगाडीवर बसून वाजवावं लागेल, आणि तुम्हीच म्हणालात, पेटी येणारे तुमच्यात तुम्ही एकटेच."

बोलणं साधं होतं, पण खोलीतल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळला. तालाचं घेतलं तर इस्माईलभाई घरी. गाणारं घेतलं तर मास्तरांचं पुढं चालणं संपलं. पलटणीतनं आल्यापासून त्या माणसानं तेवढंच तर जपलं होतं.

भाईच पहिल्यांदा बोलले. "मास्तर, ठोकणारंच घ्या. त्येला चहा लागत न्हाई, बिडी लागत न्हाई. वरातीला येळ झाला तर घरच्या शिव्या खायला लागत न्हाईत. मी आपला गाद्या भरतो." हसत बोलले, पण बघत होते खिडकीबाहेर.

"चालू कर रं ते," मास्तर म्हणाले.

ठोकणारं मशीन चालू झालं. धम-टक, धम-टक. काटेकोर. भाई सवयीनं मांडीवर ठेका धरायला गेले, आणि थोड्याच वेळात मागं राहिले. मशीन पुढं गेलं. भाईंनी हात मांडीवरनं उचलून खिशात घातला.

मास्तरांनी ते बघितलं. मग त्यांची चौकशी सुरू झाली.

"हे मधी थांबतं का?"

"नाही. एकदम पक्कं."

"नवरा घोड्यावरनं पडला तर?"

"तरी नाही."

"नवरीची आई रडायला लागली तर?"

"अहो, मशीन आहे ते."

"मामा-मामात मारामारी लागली तर?"

"कळ बंद करायची."

"म्हंजे त्येला सोताचं काय कळत न्हाई," मास्तर म्हणाले. "असला माणूस आमी पलटणीत एक दिवस ठेवला नसता. ते दुसरं बांधा."

"मास्तर, इचार करा," भाई म्हणाले. "तुमी काय हातगाडीवर बसणार? भाजीपाल्यागत?"

"बसतो की. माझं गुडघं दुखत्यात."

गुडघ्याचं आम्ही तिघांनी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. आदल्याच आठवड्यात हा माणूस आमच्या छपरावरची कौलं नीट करायला शिडीशिवाय चढला होता. येताना एस.टी.त मास्तर मशीन मांडीवर घेऊन बसले होते, लेकराला घ्यावं तसं. हौसाक्का माझ्या कानात म्हणाली, "दुखू देत बाई गुडघं. घरी गेल्यावर तेल लावायचं नाटक मलाच करायला लागंल." आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली. हसता-हसता डोळे पुसले, ते मी बघितलं.

पुढचा महिनाभर भिंतीपलीकडनं नुसता गोंधळ. कधी बासरी, कधी रेड्यानं हंबरावं तसं काहीतरी, कधी आमच्या भांड्यांना कापरं भरावं असा आवाज. एका सकाळी तर आमच्या म्हशीनं दूध चोरलं. मी तक्रार करायला गेले, तर मास्तर म्हणाले, "तिला सनई चालत न्हाई वैनी. उद्या बासरी लावतो." आणि लावली हो. दूध परत आलं.

आष्ट्याच्या वरातीला दिवस मावळायला आला होता. बागायतदारानं जनरेटर दिला होता, त्याची धडधड मागच्या गाडीवर. पुढं फुलांनी मढवलेली हातगाडी, तिच्यावर खुर्ची टाकून लाल कोटातले मास्तर. खड्डा आला की मास्तर, खुर्ची आणि सूर तिघंही उडायचे. पोरं ओरडायची, म्हाताऱ्या वाकून बघायच्या की पेटीत माणूस आहे का. बागायतदार खूश. गाडीपुढं मोकळ्या रस्त्यावर, जिथं एरवी स्वतः चालायचे तिथं, मास्तरांनी इस्माईलभाईंना धाडलं होतं.

मी बायकांच्या घोळक्यातनं गाडीच्या कडेनं चालत होते. गाणं ओळखीचं, तरी जरा सावकाश वाटत होतं. डोलत-डोलत चाललेलं. लोकांना ते आवडलं होतं. बायकांना नऊवारीत नाचता येत होतं, म्हाताऱ्यांना संग चालता येत होतं. नव्या मशीनची नवी पद्धत असंल, असं कुणीतरी म्हणालं.

मी मास्तरांकडं बघितलं. त्यांची नजर पट्ट्यांवर नव्हती. ती भाईंच्या उजव्या हातावर होती. टिपरू वर जायचं, थांबायचं. मास्तरांचं बोट पट्टीवर तसंच थांबायचं. टिपरू खाली आलं की मगच बोट खाली यायचं.

चौकात वरात पाणी प्यायला थांबली. इस्माईलभाई घाम पुसत माझ्यापाशी आले. चेहरा नुसता उजळलेला.

"वैनी, आज हात लय हलका चाललाय बघा. एकदाबी मागं पडलो न्हाई."

"न्हाई पडला, भाई," मी म्हणाले.

वर हातगाडीवर मास्तर खाली मान घालून कुठलंतरी बटण उगीच पुसत बसले होते.