मौजे सापगाव हद्दीतील अणुस्थळे

"दोनच सह्या?" आमदारांच्या संपर्क कार्यालयातल्या शेखरने कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. मागे काही नव्हतं. "काका, तसा साहेब कोणाला नाय म्हनत नायत. पण फोटोत दोनच माणसं दिसली तर बरं दिसत नाय."

"दुसरी सही आमच्या हिची आहे," एलिझरकाका म्हणाले. जणू काय त्याने सहीचं वजन वाढणार होतं.

"निदान पन्नास तरी आणा. आणि उद्या सकाळी या. शनवारचा जनता दरबार असतो."

शनिवार म्हटल्यावर काकांचा चेहरा उतरला. सापगावात एलिझर सापगावकर यांचं यहुद्यांचं एकच घर आणि त्या घराचा तेलाचा घाणा. पणजोबांच्या वेळचा बैल गेला, मोटार आली, पण शनिवारी घाणा बंद तो बंदच. कोकणात या लोकांना शनवार तेली म्हणत, ते याचसाठी. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काका काम करत नसत, पेन हातात धरत नसत, गाडीत बसत नसत आणि फोनला शिवतही नसत.

पण या वेळी माघार घ्यायची सोय नव्हती. काकांची एकुलती एक मुलगी नाओमी इस्रायलमध्ये अश्दोदला राहत होती. दिवसातून दोनदोनदा क्षेपणास्त्रांच्या इशाऱ्याचा भोंगा वाजायचा आणि ती चार वर्षांच्या तालियाला काखोटीला मारून इमारतीखालच्या शेल्टरमध्ये पळायची. व्हिडिओ कॉलवर ती "आम्ही मजेत आहोत" म्हणायची, पण गेल्या दोन महिन्यांत ती एकदाही हसलेली काकांनी पाहिली नव्हती. इकडे बाप शेंगदाण्याचं तेल गाळण्यापलीकडे काही करू शकत नव्हता, आणि ते त्याला फार लागत होतं. तेवढ्यात ठाण्याच्या समाज समितीचा मेसेज आला. अमेरिका आणि इराण यांच्यात अणुकराराची बोलणी चालली आहेत. करार झाला तर त्यात अणुस्थळांची तपासणी कडक असावी, असं आपल्या सरकारने म्हणावं. तरी प्रत्येकाने आपापल्या लोकप्रतिनिधीला निवेदन द्यावं, शिक्क्याची प्रत आणि फोटो पाठवावा, तीन आठवड्यांनी शिष्टमंडळ दिल्लीला जाईल. काकांनी त्याच दिवशी नाओमीला सांगून टाकलं, "मी बघतो काय ते." आता शब्द दिला होता.

शुक्रवारी दुपारी काका घाण्यावर कागद घेऊन बसले. सापगाव दिलदार गाव. सही नाही असं कोणी म्हणालं नाही. फक्त रिकाम्या हाताने सही द्यायची रीत गावात नव्हती.

"तुमी सांगाल थय सही करतो," शेजारचा देवराम म्हणाला. "तुमची पोर ती आमची पोर. पण त्यात आमच्या पाण्याच्या टाकीचा पण घाला."

"अरे, हे अणुकराराचं आहे."

"मग मी कुठं नको म्हनलो? करार पण ऱ्हाऊ द्या, टाकी पण ऱ्हाऊ द्या. साहेबाकडं रोज कोन जातो?"

हे म्हणणं बिनतोड होतं. टाकी घातली. सकुबाई आली. तिची निराधारची पेन्शन अडली होती, कारण राबून राबून तिच्या अंगठ्याच्या रेघा पुसल्या होत्या आणि मशीन तिला ओळखत नव्हतं. तिने काकांच्या कागदावर मात्र ठसठशीत अंगठा उठवला. मग ट्रान्सफॉर्मर आला, स्मशानातली शेड आली, शेणव्याकडच्या रस्त्यावरचे खड्डे आले, आसनगावला एक्स्प्रेस गाडी थांबवायचीही मागणी आली. सत्तेचाळीस सह्या झाल्या. काका देवरामची शेवटची मागणी लिहीत होते. 'वानरांचा बंदो' इथपर्यंत आले आणि सूर्य डोंगराआड गेला.

काकांनी पेन खाली ठेवलं.

"पुरा करा की," देवराम म्हणाला. "'बस्त' ऱ्हायला."

"शब्बाथ लागला."

घरात रिबकाकाकूंनी दिवे लावले होते. "वानरं अर्धवट राहिली तर राहू द्या," त्या आतून म्हणाल्या. "हात धुवा आणि या."

देवरामची मुलगी रंजिता कल्याणच्या एका ऑफिसात कामाला होती. संध्याकाळी घरी आली तर बाप हातात तो खाडाखोडीचा कागद घेऊन उभा. तिने तो ताब्यात घेतला. एवढ्या सुशिक्षित मुलीच्या डोळ्यांदेखत गावाने असला कागद साहेबांना द्यावा, हे तिला पटलं नाही. तिने ग्रामपंचायतीचा ठरलेला नमुना उघडला, चौदाही मागण्या नीट टाइप केल्या, सह्यांचं पान मागे जोडायला तसंच ठेवलं, आणि ज्या मागणीला जास्त माणसं ती वर, अशा क्रमाने लावल्या. टाकी एक नंबरला गेली. अणुकरार दोन माणसांचा, म्हणून चौदावा. त्या नमुन्यात प्रत्येक मागणी 'मौजे सापगाव हद्दीतील' अशी सुरू होत असे, ती तशीच झाली.

शनिवारी सकाळी काका शहापूरपर्यंत चालत गेले. गाव टेम्पोतून त्यांच्या आधी पोचलं होतं. झेरॉक्सच्या दुकानासमोर रंजिताने मोठ्या अभिमानाने लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला. काकांनी शेवटची ओळ वाचली. 'मौजे सापगाव हद्दीतील अमेरिका व इराण यांच्यातील प्रस्तावित करारात अणुस्थळांची तपासणी कडक करण्यात यावी.'

सापगाव तिथून काढायला हवं होतं. पण पंचाईत अशी की शब्बाथला स्वतः काम करायचं नसतं, तसं 'तू कर' असं दुसऱ्यालाही सांगायचं नसतं. फार तर 'खोलीत अंधार आहे' एवढं म्हणावं, दिवा लावायचं समोरच्याला सुचलं तर सुचलं. जुन्या पिढीला हे ठाऊक होतं. काकांनी नुसतं "आज चूल गार आहे" म्हटलं की सकुबाई उठून चूल पेटवून द्यायची. रंजिताला ही सवय नव्हती.

"शेवटचं वाक्य जरा लांब झालंय," काका हवेत बघून म्हणाले.

"कुठं कमी करू, काका?"

"ते मी आज सांगायचं नाय गो. पण मला त्यात गावांची गर्दी वाटते."

रंजिताने वाक्य पुन्हा वाचलं. सापगाव, अमेरिका, इराण. खरंच गर्दी होती. निवेदन सापगावचं, तेव्हा सापगाव काढण्याचा प्रश्नच नव्हता. तिने उरलेल्या दोघांना उडवलं, मग मागे लोंबकळणारा करारही उडवला आणि प्रिंट काढून काकांच्या पुढे धरली.

'१४. मौजे सापगाव हद्दीतील अणुस्थळांची तपासणी कडक करण्यात यावी.'

"आता कसा सुटसुटीत झाला!"

काकांनी डोळे मिटले. "मघाचं... मघाचं वाईट नव्हतं," ते कसेबसे म्हणाले.

"तुमी उगाच माझा मन राखू नका, काका," रंजिता म्हणाली. तेवढ्यात आतून पुकारा झाला, "सापगाव!" आणि सत्तेचाळीस माणसं काकांना ढकलतच आत घेऊन गेली.

साहेबांनी निवेदन हातात घेतलं. पहिली मागणी मोठ्याने वाचली, टाळ्या झाल्या. काकांनी जीव मुठीत धरून तोंड उघडलं; बोलायला तर शब्बाथची हरकत नव्हती.

"साहेब, ती चौदावी मागणी जरा वेगळी आहे. ती इथली नाय, अमेरिका आणि इराण..."

"तुमची मुलगी तिकडे असते ना? शेखरने सांगितलं मला," साहेब त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मनापासून म्हणाले. "काळजी करू नका. कागदावर आहे ना सगळं?"

"कागदावर आहे, पण..."

"साहेब, माझा अंगठाच उठत नाय!" सकुबाईने दोघांच्या मधून अंगठा पुढे केला. साहेब अंगठ्याकडे वळले, फोटो निघाला, शेखरने शिक्का मारला आणि आवक क्रमांक पडला.

आकाशात तीन चांदण्या दिसल्यावर काकांनी फोटो आणि प्रत ठाण्याला पाठवली. पाचच मिनिटांत समितीचे सचिव हानोकभाऊ यांचा फोन आला.

"एलिझर, सापगावात अणुस्थळं कधीपासून?"

काकांनी सगळं सांगितलं. हानोकभाऊंनी चौदावी ओळ पुन्हा एकदा मोठ्याने वाचली.

"दुरुस्त करून आण," हानोकभाऊ शेवटी म्हणाले. "हे दिल्लीत दाखवलं तर आपल्यालाच आत घेतील."

सोमवारी काका नवा कागद घेऊन शेखरपुढे उभे राहिले. शेखरने हात जोडले. "आवक पडली की कागद सरकारचा. आता तो परत निघत नाय. नवीन द्यायचा तर नवीन सह्या आणा." नवीन सह्या म्हणजे नवीन मागण्या. काका मुकाट्याने घरी आले. नाओमीला काय सांगायचं, हे त्यांना सुचेना. त्या आठवड्यात त्यांनी तिचा फोन दोनदा काकूंकडेच दिला.

बाराव्या दिवशी सापगावात जीप आली. तीतून ग्रामसेवक सुयोग, एक तलाठी आणि एक हवालदार उतरले. बाकीच्या तेरा मागण्या कुठल्या कुठल्या टेबलावर विचाराधीन होत्या. चौदावी मात्र वाचणाऱ्या प्रत्येकाने घाबरून 'तातडीचे' असा शेरा मारत खाली ढकलली होती. अशी ढकलली जात जात ती सुयोगकडे आली होती. त्याच्या खाली ढकलायला कोणी नव्हतं.

"काका, अणुस्थळ म्हंजे बघायचा काय?" सुयोगने घाण्यावर बसून घाम पुसत विचारलं. "पत्रात काय नाय लिवलेला. फक्त 'कडक तपासणी करून अहवाल द्यावा' एवढाच."

"भाऊसाहेब, चूक झाली आहे. इथे तसं काही नाय."

"ते तुमी म्हनून चालत नाय. पंचनामा लागतो."

गावाला एवढंच हवं होतं. ज्या साहेब लोकांच्या पाया पडूनही ते गावात पाऊल टाकत नव्हते, ते आज स्वतःहून घरोघरी फिरायला आले होते. देवराम पुढे झाला.

"पयला टाकीच्या खड्ड्यात बघा. अनू पाण्यात ऱ्हातो म्हनं."

"कोण म्हणतो?"

"कोनपन म्हनेल. तुमी बघा तर."

तिघं टाकीच्या अर्धवट खड्ड्यात उतरले. मग ट्रान्सफॉर्मरखाली नेऊन उभे केले गेले. मग स्मशानात. सकुबाईने त्यांना स्वतःच्या नळापाशी नेलं, तोटी फिरवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तोटीतून एक मुंगळा निघाला. "आता लिवा," ती म्हणाली. वानरांनी हवालदाराची टोपी पळवली, तेव्हा देवरामने तेही लिहायला लावलं. शेवटी सुयोगने काकांच्या घाण्याची मोटार चालू करून पाहिली, तेलाचा वास घेतला, अर्धा लिटर विकत घेतलं आणि 'कडक तपासणी पूर्ण' असा शेरा मारून पंचनामा पुरा केला.

'समक्ष पाहणी केली असता मौजे सापगाव हद्दीत अणू कोठेही आढळून आला नाही. नळास पाणीही आढळून आले नाही. वानरे आढळून आली. पंच: देवराम, सकुबाई (अंगठा).'

काकांनी शरमेने मान खाली घालून त्याचा फोटो हानोकभाऊंना पाठवला आणि वर लिहिलं, 'माफ करा, आमच्याकडून काही झालं नाही.' तासाभराने फोन आला.

"एलिझर, आपल्या लोकांनी एकवीस निवेदनं दिली. वीस विचाराधीन आहेत. 'कडक तपासणी पूर्ण' असा सरकारी शेरा तुझ्या एकट्याच्या कागदावर आहे," हानोकभाऊंचा आवाज कापत होता, हसण्याने की कशाने ते कळेना. "मी तो दिल्लीच्या फाइलीत सगळ्यात वर लावलाय. खालचं कोणी वाचत नाही रे."

मग मात्र काकांनी धीर करून नाओमीला फोन लावला. ती शेल्टरमध्येच होती, मांडीवर तालिया, मागे भिंतीला टेकून बसलेले शेजारी. काकांनी काही लपवलं नाही. चौदावी मागणी सांगितली, गावांची गर्दी सांगितली आणि पंचनामा अक्षरन् अक्षर वाचून दाखवला. 'वानरे आढळून आली' इथे पोचले आणि नाओमी हसली. आधी तोंडावर हात दाबून, मग हात काढून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई हसते म्हणून तालिया हसली. शेजारी विचारायला लागले तशी तिने तिकडच्या भाषेत सगळं सांगितलं आणि तो अख्खा तळघरातला जमाव खदखदायला लागला. सापगावात रिबकाकाकू पदर डोळ्यांना लावून फोनमध्ये बघत राहिल्या. काकांना कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

"पप्पा," नाओमी धाप टाकत म्हणाली, "इथले एक आजोबा विचारतायत, तुमचा तो माणूस इराणला पाठवता येईल का? म्हणतात, असा नळ उघडून बघणारा तपासनीस जगात नाही."

सुयोग दुसऱ्या दिवशी पंचनाम्यावर राहिलेली एक सही घ्यायला आला, तेव्हा काकांनी हसत हसत हा निरोप त्याच्या कानावर घातला. सुयोग हसला नाही. त्याने खुर्ची ओढली, बसला आणि कळकळीने हात जोडले.

"काका, तुमच्या पाया पडतो, माझा नाव वर कळवू नका. आधीच माझ्याकडं तीन ग्रामपंचायतींचा चार्ज हाय. इराण चौथी नाय जमणार."