बसऱ्याचा चौथरा

खजुरीच्या नागूबाईने तहसीलदारसाहेबांकडे मागितले ते एवढेच, की आपल्या खेचराला गावच्या गायरानात चरू द्यावे. गायरान गायीबैलांचे, त्यात खेचर बसत नव्हते. पण हे खेचर साधे नव्हते. तिचा नवरा ग्यानबा लामेवर, म्हणजे मोठ्या लढाईत, तोफेचे गोळे वाहायला गेला होता आणि परतला तो याला घेऊन. खेचराचा एक कान तिकडेच राहिला. बसऱ्याहून आले म्हणून गावाने नाव ठेवले बसऱ्या. ग्यानबा पुढे तापाने गेला. आता नागूबाईला बसऱ्या आणि बसऱ्याला नागूबाई.

तहसीलदारसाहेब गहिवरले. गहिवर सरकारी, त्यामुळे त्याची अंमलबजावणी करणे भाग होते.

"लढाईत राबलेल्या जनावराला नुसता चारा? शरमेची बात आहे. त्याचं स्मारक झालं पाहिजे."

"सायेब, ते जितं हाय की," नागूबाई म्हणाली.

"वही तो मुश्किल आहे, बाई."

स्मारक मयताचेच होते, असा दस्तूर. म्हणून पाटील वीरभद्रप्पांनी पंच बसवून बसऱ्याला रीतसर मयत ठरवले. बसऱ्या तिथेच उभा राहून एका पंचाचे मुंडासे चघळत होता, तरी कोणी मत बदलले नाही. मयत जनावराला चरायचा हक्क नसतो. चाऱ्याचा प्रश्न आपोआप मिटला. चौथऱ्याचे दगड मात्र खाणीतून आणायचे होते. त्या कामाला बसऱ्याच सापडला. कैलासवासी झाला तरी पाठ शाबूत होती.

मूर्तीचे काम ईरण्णाकडे गेले. त्याच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या नंदीच घडत आलेला. त्याने बसऱ्याला चारी बाजूंनी न्याहाळले आणि नंदी घडवला.

"अण्णा, ह्याला वशिंड कामून?" नागूबाईने विचारले.

"हात तिकडंच वळायलाय, अक्का. पर एक कान तोडलाय बघ. वळख पटंल."

कारहुणवीचा सण आला, बैलांच्या मानाचा. गावाने बैल रंगवले, मिरवले आणि पहिला मान नव्या नंदीला दिला. त्याच्यापुढे पुरणाच्या होळग्या आणि गूळ मांडला. महिनाभर काटेकुटे खाऊन राहिलेला बसऱ्या वासाने आला आणि स्वतःच्या स्मारकापुढचे ताट चाटू लागला.

"हाकला त्याला. देवाच्या ताटाला तोंड लावायलंय," म्हणत वीरभद्रप्पांनी पहिला दगड मारला.

नागूबाई आडवी आली. "आप्पा, ह्योच तर त्यो. लामेवरचा."

"त्यो पंचांसमोर मेलाय, अक्का. आता कसा उठंल?"

"व्हय. दगडाला होळगी, आन ज्याची होळगी त्याला दगड," ती म्हणाली आणि तिथेच पदर तोंडाला लावून रडली.  गावाला आरती उरकायची होती.

हल्ली चौथऱ्याला नवस बोलतात. तुम्ही याल तेव्हा नारळ फोडालच. भल्या माणसाला लढाईतल्या जनावरांविषयी आदर असतोच. खोबरे ठेवताच एककान्या खेचर पुढे येईल. त्यासाठी गावाने शेजारीच गोटे रचून ठेवले आहेत. एक म्हातारी मधे येईल, तिला जरा बाजूला करा. नेम धरायची घाई नको. ते पळत नाही. लामेवरही पळाले नव्हते.