तुळशीराम डायवरची दुपारची गाडी

तुळशीराम डायवर कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी तिच्या पायांना लाथ मारतो. एकेका पायाला, टायरमधली हवा तपासावी तशी. खुर्ची पास झाली तर बसतो, नाहीतर "हे गाडी रूटवर नाई जाऊ शकत" असं जाहीर करून उभाच राहतो. माझ्या दुकानातली एक कोरी करकरीत खुर्ची त्याने अशीच नापास केली होती. पुढच्याच आठवड्यात ती एका वकिलासकट खाली बसली, ती गोष्ट वेगळी.

एसटीची नोकरी संपली, तरी हा माणूस अजून ड्युटीवरच आहे. दुकानाच्या पायऱ्या उतरताना उजवा हात बाहेर काढतो. भाजीबाजारात वाट मिळाली नाही की तोंडाने हॉर्न देतो, आणि बायाबापड्या खरोखर बाजूला होतात. लग्नाच्या पंगतीत "पुढं सरका, पुढं जागा हाये" असं ओरडतो. हे तर कंडक्टरचं काम, असं मी एकदा म्हणालो. तर म्हणे, "कंडक्टर झोपला तं डायवरलेच बोला लागते, शेठ."

मला तो शेठ म्हणतो. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे अजून मला कळलेलं नाही.

माझं दुकान बुलडाण्यात आहे, वापरलेल्या लॅपटॉपचं. धामणगाव बढ्याहून इथे आलो तेव्हा मोबाइलची कव्हरं उघड्या छत्रीच्या काड्यांना लटकवून विकायचो. आज स्वतःचं शटर आहे. मोठेपणा म्हणून सांगत नाही. भावताव मला कुणी शिकवावा अशी वेळ आलेली नाही, एवढं तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. जळगाव जामोदचे व्यापारी माझ्याशी घासाघीस करून घामाघूम होऊन गेलेत. आणि अशा मला या माणसाने कापलं. तेही तोंड न उघडता.

मलकापूरला लेकीकडे गेला असताना त्याने नातीच्या मोबाइलवर बस चालवायचा खेळ पाहिला होता. तो खेळ त्याला मोठ्या काचेवर हवा होता. "काच" म्हणजे स्क्रीन. मी त्याला एक गेमिंग लॅपटॉप दाखवला, इंजिनिअरिंगच्या पोराने विकलेला, चांगला दणकट. तुळशीराम डायवरने त्याच्याभोवती एक चक्कर मारली. वाकून हवेच्या जाळीचा वास घेतला. मग विचारलं, "अ‍ॅव्हरेज किती देते?"

"काका, लॅपटॉप आहे हा. डिझेलवर नाही चालत."

"लाइट तं खाते ना? मंग अ‍ॅव्हरेज सांग."

मी किंमत सांगितली. तो गप्प बसला. मी थोडी उतरवली. तो गप्प. मी बॅग दिली, माउस दिला, शेवटी कुणीतरी टाकून गेलेलं खेळायचं स्टीअरिंगही पुढे ठेवलं. ते त्याने फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "हे तं वरणाच्या गंजावरचं झाकण हाये." आणि पुन्हा गप्प. दुकानात गिऱ्हाईक वाढत चाललं होतं आणि हा मधोमध बसलेला. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "घ्यायचं तर घ्या, नाहीतर उठा! वरून जिंदगीभर सर्विस फुकट देतो, आता तरी बोला!"

"चालते," तो म्हणाला.

भरल्या दुकानात शब्द गेला. रागाच्या भरात गेला असला तरी गेला. तो दिवस आणि आजचा दिवस, तुळशीराम डायवर आणि त्याची जिंदगी माझ्या मागे लागलेली आहे.

सुरुवातीचे काही महिने बरे गेले. मग एका सकाळी तो लॅपटॉप उराशी धरून आला, खुर्चीला लाथ मारली, बसला आणि म्हणाला, "गाडी हिसके मारून राह्यली."

थोडं समजावून सांगतो. अशा लॅपटॉपमध्ये चित्रं उमटवणाऱ्या दोन चिप असतात. एक लहान; पत्र लिहा, पिक्चर बघा, तेवढं ती सांभाळते. दुसरी दांडगी, खेळासारखं जड काम आलं की मशीनने स्वतःहून तिच्याकडे वळायचं असतं. ते वळणं बंद पडलं की सगळा भार लहानीवर येतो आणि चित्र अडखळत चालतं. मी हे त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे लंबा रूट, डबल डायवर! एक चालोते, एक मागं झोपते."

"बरोबर."

"अन् दुसरा उठूनच नाई राह्यला."

"अगदी बरोबर, काका."

"मंग उठव ना बे त्याले! पाशिंजर बसेल हायेत."

कुठले पाशिंजर, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्यात शिरायचं नसतं.

मी लॅपटॉप चालू केला, खेळ लावला, तर तो मक्खनसारखा चालला. दांडगी चिप जागी होती. तरी सेटिंगमध्ये जाऊन या खेळासाठी तीच चिप नेमून टाकली आणि त्याला पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी हजर. "घरी गेल्याबरोबर हिसके."

मी पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा मक्खन. तेव्हा मी म्हणालो, "काका, ड्रायव्हर बदलून पाहतो." त्या चिपला चालवणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हरच म्हणतात, त्याला मी काय करू? तो ताडकन उठला. सारी नोकरी एकही अपघात केला नाही, हे त्याने मला, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका अनोळखी बाईला ऐकवलं. त्याची समजूत घालण्यात अर्धी सकाळ गेली. मग मी जुना प्रोग्राम काढला, नवा टाकला, चार्जर तपासला, जाळीतली धूळ उडवली. माझ्या दुकानात गाडी पळायची. त्याच्या घरी हिसके मारायची.

असं किती वेळा झालं ते विचारू नका. तो नेमका गर्दीच्या वेळी यायचा आणि नव्या गिऱ्हाइकांदेखत मोठ्याने सांगायचा, "शेठची गाडी दुकानातच चालते, घरी नाई चालत." माझी दोन गिऱ्हाइकं माझ्या डोळ्यांदेखत समोरच्या दुकानात गेली. मी त्याला बदली मशीन देऊ केलं. मी, बदली मशीन! तो म्हणाला, "नाई. तिले ह्याच गाडीची सवय हाये."

"तिले म्हणजे कोणाले?" माझ्याही तोंडून वऱ्हाडी निघालं.

"तू हिसके काढ," एवढंच बोलून तो हात बाहेर काढत पायऱ्या उतरला.

मला खात्री पटली की हा म्हातारा मुद्दाम करतोय. फुकट सर्विस शब्दशः वसूल करतोय. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी शटर ओढलं आणि सुंदरखेडला त्याच्या घरी जाऊन धडकलो. घरी हिसके मारते ना? मग घरीच बघतो, आणि काही सापडलं नाही तर तिथेच हा व्यवहार संपवतो, असं ठरवूनच गेलो होतो.

दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप, त्याला ते वरणाच्या झाकणाचं स्टीअरिंग, टेबलापुढे डायवरची खुर्ची, आणि खुर्चीमागे भंगारातून आणलेला एसटीचा अख्खा बाक. हिरवं रेक्झिन, पुढे धरायचा लोखंडी दांडा, सगळं फरशीला पक्कं ठोकलेलं. त्या बाकावर खिडकीच्या बाजूला एक बाई बसली होती. उजवा हात मांडीवर निपचित, डाव्या हाताने दांडा धरलेला.

"हे आमची पार्बता," तो म्हणाला. "लकवा गेला तिच्या अंगावरून. पार्बता, हा शेठ. हिसकेवाला."

"हिसकेवाला!" बाई म्हणाल्या. जीभ जड होती, शब्द घसरत होते, पण त्यातला टोमणा ठणठणीत होता. "बसा. तिकीट... नाई."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. मला भांडायचं होतं, पण बाईंसमोर नाही.

तेवढ्यात तो आत पाणी आणायला गेला आणि मी मागोमाग गेलो. तिथे त्याने हळू आवाजात सगळं सांगितलं. पार्बताबाईंचं माहेर जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज उभं राहा, पाय टाका, नाहीतर पाय कायमचा जाईल. बाई कुणाचं ऐकायला तयार नव्हत्या. लेक रडली, डॉक्टर रागावले, व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला तर त्यांनी घरातून घालवून दिलं. मग हा खेळ आला. रोज दुपारी हा त्यांना बुलडाण्याहून माहेरी न्यायचा. आणि जळगाव आलं, गाडी थांबली, की बाई स्वतःहून उभ्या राहायच्या. उतरायला.

"अन् आता?"

"हिसके सुरू झाल्यापासून तिले चक्कर येते. नांदुऱ्याच्या आंधीच डोळे मिटते. मंग नाई उठत." तांब्या भरून वाहायला लागला तरी त्याने नळ बंद केला नव्हता. "पाय पातळ होऊन राह्यला, शेठ."

मी नळ बंद केला. बाहेर येऊन म्हणालो, "चालवा. रोज चालवता तशीच चालवा. मी फक्त बघतो."

त्याने टेबलाच्या पायांना लाथ मारली. पिवळ्या फडक्याने काच पुसली. लॅपटॉप चालू केला. मग खेळ उघडण्याआधी मशीनच्या कंपनीचा एक चौकोन उघडला आणि त्यातल्या हिरव्या पानाच्या चित्रावर मोठ्या श्रद्धेने बोट दाबलं.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडलो की बाईंनी दांडा घट्ट धरला. "हे काय केलं?"

"डिझेल वाचोलं," तो म्हणाला.

ते पान म्हणजे वीज वाचवायचं बटण. ते दाबलं की मशीन दांडगी चिप सरळ बंदच करून टाकतं. मग मी सेटिंगमध्ये काहीही नेमलेलं असो, दुसरा डायवर उठणार कुठून? यानेच त्याला घरी पाठवलेलं! भिंतीकडे माझं लक्ष गेलं. डेपोत सगळ्यात कमी डिझेल जाळल्याबद्दल मिळालेलं प्रमाणपत्र तिथे चौकटीत होतं, खाली बक्षिसाचा स्टीलचा जग. मोठी चिप चालू झाली की पंखा घरघरायचा. ती घरघर या माणसाच्या काळजाला लागायची. मग एके दिवशी त्याला ते पान सापडलं, आणि पान दाबलं की घरघर थांबते हे कळलं.

"मग माझ्या दुकानात का नव्हतं दाबलेलं?"

"गाडी जमा करतानी जशी घेतली तशी द्या लागते. डेपोचा नियम हाये. पान काढून आणो मी."

"आणि मी दुकानात चालवून बघत असताना? तिथे का नाही दाबलं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला साधा व्यवहार कळत नाही. "तिथं लाइट तुह्यी होती ना."

सांगा, अशा माणसाशी काय भांडायचं? तरी मी भांडलो. त्याचं डिझेल, त्याचा जग, माझी दोन गिऱ्हाइकं, सगळं काढलं. तो ऐकत होता. मागून बाई म्हणाल्या, "बोला... अजून बोला. मले सारी जिंदगी मागं बसोलं यानं. गाडीत पाटी... डायवरशी बोलू नये."

"नियम होता तो, पार्बता."

"नियमच... पाहत बस आता."

मी पान काढलं. पंखा घरघरायला लागला. तुळशीराम डायवरचा चेहरा पिळवटला, एक बोट आपोआप पानाकडे गेलं आणि मध्येच थांबलं. ते बोट त्याने मागे घेतलं आणि स्टीअरिंगवर ठेवलं.

"जळू दे," तो म्हणाला.

गाडी निघाली. काचेवर कुठल्या तरी परदेशातला रस्ता होता, दोन्ही बाजूंना बर्फ. "राजूर घाट," त्याने पुकारलं. मी विचारलं, बर्फ कशाचा? "कापूस फुटला हाये," तो म्हणाला, आणि बाईंनी मान डोलावली. मोताळा गेलं. नांदुरा आलं, बाईंचे डोळे उघडेच होते. एकही हिसका नाही. एका मोठ्या पुलावर त्याने वेग कमी केला, "पूर्णा," म्हणाला, आणि बाईंनी डावा हात दांड्यावरून काढून कपाळाला लावला.

मग एका अनोळखी गावातल्या लाल छपराच्या थांब्यावर त्याने गाडी लावली. "जळगाव!" दाराचं बटण दाबलं. फुस्स करून दार उघडलं. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. बाईंनी दांडा पकडला, जोर लावला, अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. मी हात द्यायला सरकलो, तर त्यांनी डोळ्यांनीच मला जागेवर बसवलं.

तो मागे वळला नाही. काचेच्या वर त्याने एक छोटा आरसा चिकटवलेला होता, त्यात बघत होता. काचेवर बसच्या मागे गाड्यांची रांग लागली. परदेशी मोटारी हॉर्न वाजवायला लागल्या, एक, दोन, मग सगळ्याच. मला रांगेत थांबणं जन्मात जमलेलं नाही.

"काका," मी म्हणालो, "मागं लाइन लागली. गाडी काढा ना."

"वाजवू दे त्याहिले," तो आरशातली नजर न काढता म्हणाला. "तिले उतराले वेळ लागते."