कोलबेनचं पहिलं पान

नाताळनंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला, म्हणजे अजून नीट उजाडलंही नव्हतं तेव्हा, कोलबेन गावातल्या पुस्तकांच्या दुकानात कॅलेंडरांच्या मांडणीमागे दबा धरून उभा होता. ओळखू येऊ नये म्हणून त्याने लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढली होती. त्याचा उपयोग शून्य होता, कारण गेली वीस वर्षं त्याच्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या फोटोत तीच टोपी होती.

आइसलँडच्या उत्तरेला खाडीकाठच्या त्या गावात नाताळला पुस्तकाशिवाय दुसरं काही द्यायची पद्धत नव्हती. वर्षभराची सगळी पुस्तकं शरदात छापून यायची, नाताळच्या संध्याकाळी घरोघरी वाटली जायची, आणि सुट्टी संपली की निम्मं गाव दुकानात रांग लावायचं, कारण एकाच आजोबांना एकच पुस्तक तिघांनी दिलेलं असायचं. म्हणून दुकानवाले आधीच प्रत्येक पुस्तकावर ‘बदलून मिळेल’ असा स्टिकर लावून ठेवत. स्टिकर शाबूत असला की का परत करताय, असं कोणी विचारत नसे.

विचारायचं होतं ते कोलबेनला. तीस वर्षं तो दर शरदात एक कादंबरी काढत आला होता. एक वर्ष चुकलं नव्हतं. बायकोचं ऑपरेशन झालं त्या वर्षीसुद्धा नाही. आणि या डिसेंबरात राजधानीतून त्याच्या प्रकाशिकेचा, स्वावाचा फोन आला होता. “एकतिसावं छापायचं की नाही, ते जानेवारीत ठरवू या, कोलबेन,” ती म्हणाली होती. “परत किती येतात ते एकदा बघू दे मला.” तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. लिहिण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. एकदा मासेमारीला गेला होता, तर माशांआधी त्यालाच पाण्यातून बाहेर काढावं लागलं होतं.

परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात ‘लेखक : कोलबेन’ एकोणीस वेळा होतं. त्याने मांडणीमागून हात लांब करून सगळ्यात वरची प्रत उचलली आणि उघडली. आतलं पहिलं कोरं पान नव्हतं. कोणीतरी पट्टी लावून पात्याने अगदी मुळापासून ते कापून घेतलं होतं. त्या पानावर कोलबेन सही करायचा, दोन शब्द लिहायचा. म्हणजे ही प्रत त्याने स्वतःच्या हाताने कोणाला तरी भेट दिली होती, आणि त्या भल्या माणसाने सहीचा पुरावा नष्ट करून ती बदलून घेतली होती.

“फ्रेया, हे कोणी आणून दिलं?” टोपी वर करून त्याने गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं.

“ते नाही सांगायची मी.” फ्रेयाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “कोण काय परत करतं ते सांगत बसले तर या गावात लग्नं टिकायची नाहीत.”

“पान कापलेलं पुस्तक तुम्ही घेताच कसं?”

“इतकं सफाईने कापलंय. आणि दरवर्षी एक येतंच की तुमचं असं. मी लागले त्या वर्षापासून बघतेय.”

दरवर्षी. घरचा भेदी एका वर्षाचा नव्हता. तो वर्षानुवर्षं हसत हसत पुस्तक घेत होता, मिठी मारत होता, आणि तिसऱ्या दिवशी पातं काढत होता.

घरी येऊन त्याने उन्नूरला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात नाताळच्या उरलेल्या पोळ्या कागदात गुंडाळत होती.

“नीट कापलं होतं का?” तिने विचारलं.

“नीट म्हणजे? सर्जनने कापावं तसं.”

“मग कोणीतरी जपून कापलं असणार. सोडून दे ना.”

“सोडून कसं देऊ? दरवर्षी मी चौघांनाच सही करून देतो. तुझा भाऊ इल्लुगी, शेजारच्या फ्रीडाबाई, पाद्रीबाबा ओड्डुर, आणि तू.” त्याने कागदावर चार नावं लिहिली आणि चौथं लगेच खोडलं. “राहिले तीन.”

उन्नूर त्या खोडलेल्या नावाकडे क्षणभर बघत राहिली. मग तिने पोळ्यांचा पुडा कपाटात ठेवला आणि म्हणाली, “दुपारी काय करू?”

संशय एकदा डोक्यात शिरला की माणसाला मागचं सगळं वेगळं दिसू लागतं. इल्लुगी दरवर्षी पुस्तक हातात घेतल्यावर ते तळहातावर जोखून बघायचा आणि म्हणायचा, “वजनदार आहे.” आजवर कोलबेनला ती तारीफ वाटत आली होती.

इल्लुगी दुपारी कुठे सापडणार हे गावाला माहीत होतं. तरणतलावाच्या बाजूच्या गरम पाण्याच्या हौदात, गळ्यापर्यंत, डोक्यावर बर्फ पडत असताना. तिथे नेहमीची आठदहा मंडळी बसलेली होती. कोलबेन कुडकुडत आत उतरला आणि त्याच्या शेजारी बसला.

“काय मग, वाचताय की नाही?” त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“वाचतोय म्हणजे काय, दाजी. हातातनं सुटत नाही.” इल्लुगीने डोळे मिटले. “तो म्हातारा गेला तिथे तर मी रडलोच.”

“म्हातारा जात नाही त्यात.”

“नाही, म्हणजे, अवस्था कशी आहे त्याची. गेल्यातच जमा.”

“त्यात म्हातारा नाहीच आहे, इल्लुगी.”

हौदातल्या सगळ्यांची बोलणी थांबली. एक बाई कानात पाणी गेल्यासारखं करून जवळ सरकली.

“उद्या चारला कॉफीला येतो तुमच्याकडे,” कोलबेन म्हणाला. “पुस्तक काढून ठेवा. पहिलं पान बघायचंय मला.”

बस्स, तेवढंच तो बोलला. पण त्या हौदात बोललेलं वाक्य अंग पुसून होईपर्यंत गावभर होतं. संध्याकाळपर्यंत बातमी अशी झाली होती, की कोलबेन तीस वर्षांत ज्याला ज्याला पुस्तक मिळालं त्याच्या घरी जाऊन कपाट तपासणार आहे. रात्रीच्या जेवणापर्यंत त्याच्या हातात यादी आली होती. काहींच्या मते भिंगही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फ्रीडाबाईंकडे गेला. त्या चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि निम्म्या गावाला लिहायला त्यांनीच शिकवलं होतं. पुस्तक टेबलावर मधोमध ठेवलेलं होतं, बाजूला मेणबत्ती लावलेली. कोलबेनने पहिलं पान उघडलं. पान जागच्या जागी होतं, आणि त्यावर दोन ओळी आणि सही.

“फ्रीडाबाई, हे माझं अक्षर नाही.”

“तुझंच आहे.”

“माझं इतकं चांगलं कुठे आहे?”

“तेच तर,” फ्रीडाबाई म्हणाल्या. “सातवीपासून सांगतेय, अक्षर नीट काढ म्हणून. शेवटी मलाच काढावं लागलं.” मग त्या खुर्चीत टेकल्या आणि खरं ते सांगून टाकलं. त्याची प्रत त्यांनी नाताळलाच बहिणीला देऊन टाकली होती, सहीसकट. काल ऐकल्यावर धावत जाऊन नवी आणली. “सहीसकट दिली हो. कापाकापी मला नाही जमत. हात थरथरतो.”

कोलबेनने यादीतलं नाव खोडलं आणि पाद्रीबाबांकडे गेला. ओड्डुरबाबा दारातच उभे होते, दोन पुस्तकं छातीशी धरून.

“मला खोटं बोलता येत नाही, कोलबेन,” ते म्हणाले. “तुझं पुस्तक मी चर्चच्या सोडतीत लावलं. तिसरं बक्षीस होतं. ज्याला लागलं त्याच्याकडून काल मागून आणलं, आणि पुन्हा लाज वाटून एक नवंही घेतलं. आता कुठल्यावर सही करतोस?”

“सोडतीत पहिलं बक्षीस काय होतं?”

“मेंढीची तंगडी,” पाद्रीबाबा म्हणाले. खरंच त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

सोडतीतल्या प्रतीत पान शाबूत होतं. म्हणजे राहिला इल्लुगी. दुपारी चारला कोलबेन मेहुण्याच्या घरात शिरला तो पोलिसासारखा. इल्लुगीने पुस्तक पुढे केलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘जगातल्या सर्वांत हुशार आणि देखण्या मेहुण्यास.’

“हे मी लिहिलंय?”

“प्रेमाच्या भरात लिहिता तुम्ही. मग विसरता.”

“खरी प्रत कुठे आहे?”

इल्लुगीने मान खाली घातली आणि कोलबेनला वरच्या खोलीत नेलं. तिथे नवीन पाय बसवायचा कंटाळा म्हणून पलंगाचा एक मोडका पाय कोलबेनच्या सात कादंबऱ्यांवर टेकवलेला होता. सगळ्यात वर यंदाची. कोलबेन गुडघ्यावर बसला, पलंग उचलायला लावला, आणि सातही पुस्तकं उघडून बघितली. सातही पानं होती. सहीसकट.

“कापलं नाही हो मी कधी,” इल्लुगी पलंग धरून धापा टाकत म्हणाला. “एक पान कमी झालं तरी पलंग हलतो.”

कोलबेन घरी निघाला तेव्हा बर्फ पडायचं थांबलं होतं. त्याला राग यायला हवा होता, पण तो गोंधळला होता. तीन नावं होती, तिन्ही निर्दोष होती. निर्दोष म्हणजे तशी तिन्ही दोषीच, पण या गुन्ह्यापुरती निर्दोष. तो दारातून आत येतो न येतो तोच फोन वाजला.

“तू केलंस तरी काय?” स्वावा विचारत होती. “तुमच्या गावातल्या दुकानाने आत्ता फोन केला. परत आलेला सगळा ढीग संपला, वर शंभर प्रती मागतायत. नाताळनंतर या देशात माणसं पुस्तकं परत करतात, कोलबेन, विकत घेत नाहीत. बत्तीस वर्षांत मी असं बघितलं नाही.”

“लोकांना पहिलं पान आवडलं असेल,” कोलबेन म्हणाला.

“जे काही असेल ते. एकतिसावं मी छापते. शरदापर्यंत दे.”

त्याने फोन ठेवला. ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते मिळालं होतं, आणि त्याला त्याचा आनंद होत नव्हता. तो स्वयंपाकघरात गेला, खिशातून कागद काढला, टेबलावर सपाट केला. तीन नावं आता खोडली होती. चौथं त्याने स्वतःच पहिल्या दिवशी खोडलं होतं, आणि खोडलेल्या रेघेखालून ते अजून स्वच्छ वाचता येत होतं.

उन्नूर कॉफी ओतत होती.

“तू?” तो म्हणाला.

“दोन दिवस लागले तुला,” उन्नूर म्हणाली. “तुझ्या पुस्तकातले पोलीससुद्धा इतके मठ्ठ नसतात.”

“दरवर्षी?”

“दरवर्षी. आणि बदल्यात खुनाची कादंबरी आणते. जाड असली तर बरं.”

“उन्नूर, तीस वर्षं मी लिहितोय, आणि तू एकही वाचलं नाहीस?”

“वाचलं नाही?” आता तिने किटली खाली ठेवली. “सकाळी उठल्यापासून तू या टेबलावर बसून मोठमोठ्याने वाचतोस. प्रत्येक प्रकरण मी तीन तीन वेळा ऐकते, भांडी घासताना ऐकते, ताप असताना ऐकलं. तुझं पुस्तक छापून येतं तोवर मला पाठ असतं. ते पुन्हा कपाटात कशाला ठेवू? ते तू सगळ्यांसाठी लिहितोस. सगळ्यांनाच परत देते.”

“आणि पान?”

तिने वरच्या कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. आत तीस पानं होती, एकावर एक, कडा सरळ. कोलबेनने सगळ्यात खालचं काढलं. पानाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. पहिल्या भेटीची बोट, तिची लाल छत्री, तिने छत्री त्याच्या डोक्यावर धरायच्या ऐवजी हस्तलिखितावर धरली होती ते. हे आपण लिहिलं होतं याची त्याला आठवणही नव्हती. तो वर वर येत गेला. पाचव्या वर्षी एकच बाजू. दहाव्या वर्षी आठ ओळी. ऑपरेशनच्या वर्षी तीन ओळी, त्यातली एक प्रकाशनाची तारीख. विसाव्या वर्षी ‘प्रिय उन्नूरला, कोलबेन’. पंचविसाव्या वर्षी ‘प्रिय’ गेलं होतं.

यंदाचं सगळ्यात वर होतं. त्यावर लिहिलं होतं : ‘उ. ला, को.’

कोणी आपल्याला वाचत नाही म्हणून कोलबेन दोन दिवस गाव पालथं घालत होता. वाचणारी इथे बसली होती, आणि तिला वाचायला त्याने दीड शब्द दिला होता.

“हेही कापून ठेवलंस?” त्याने विचारलं.

“तीस वर्षं ठेवलीत. आता एकासाठी नेम कुठे मोडू?” उन्नूर म्हणाली. “कॉफी घे, गार होतेय.”

त्या वर्षी कोलबेनने काम उलट्या बाजूने सुरू केलं. कादंबरीचा पत्ता नसताना त्याने आधी एक कोरा कागद घेतला आणि सकाळभर लिहीत बसला. मोठ्याने मात्र एक अक्षर वाचलं नाही. उन्नूरने दोनदा विचारलं, काय रे, घसा बसला का. तो म्हणाला, तुला कळेल.

एकतिसावं पुस्तक शरदात आलं. नाताळच्या संध्याकाळी त्याने ते उन्नूरला दिलं. तिने पहिलं पान उघडलं, वाचलं, उलटलं, मागची बाजू वाचली, मग पुन्हा पुढची. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोलबेन दुकानात गेला. या वेळी टोपी नीट कपाळावर होती आणि तो कॅलेंडरांमागे लपला नाही. फ्रेयाने काही न विचारता परत आलेल्या ढिगाकडे बोट केलं. कोलबेनने सगळ्यात वरची प्रत उचलून उघडली. पहिलं पान नव्हतं. पट्टी लावून, अगदी मुळापासून, सफाईने कापलेलं होतं.

त्याने पुस्तक होतं तसं ढिगावर ठेवलं, आणि खुनाच्या कादंबऱ्यांच्या मांडणीपाशी जाऊन तिने यंदा कोणती नेली असेल ते शोधू लागला.