पाठमोऱ्या मुलांचं पेज

आमच्या शाळेच्या फेसबुक पेजवर एकाही मुलाचं तोंड दिसत नाही. पाठी दिसतात, वेण्या दिसतात, चिखलानं भरलेले पाय दिसतात. हे फोटो काढणारे शिळीमकर सर, आमचे मुख्याध्यापक. वेल्ह्याच्या पुढं डोंगरात आमची दोनशिक्षकी शाळा. एक ते, दुसरी मी. मी रोज नसरापूरवरून स्कूटीनं जाते, त्यामुळं माझं डोकं सकाळीच तापलेलं असतं.

"सर, निदान एखादा हसरा चेहरा टाका की," मी म्हणायची.

"बाई, पोर घरच्यांचं. आपल्याकडं नुसतं दिवसभरासाठी. साऱ्या जगाला त्याचं तोंड दाखवणारे आपण कोण?"

बरं, पाठमोरा फोटोही ते विचारल्याशिवाय टाकत नाहीत. शाळा सुटली की मोबाईल घेऊन भातखाचराच्या बांधावर हजर. एकदा तिसरीतल्या आरोहीच्या आजीला विचारायला गेले, "आजी, ह्यो फोटू टाकू का?" आजीनं हात धुतले, पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली. "टाका की. पर पुढनं काढा. म्या काय तोंड लपवायचं काम केलंय व्हय?" आमच्या पेजवरचा एकमेव चेहरा तो. अजून ती मला विचारते, किती जणांनी बघितला म्हणून.

माझा खरा वैताग वेगळाच होता. सर पेजवर जे घडलं ते जसंच्या तसं लिहितात. एके दिवशी लिहिलं, "आज खिचडी करपली. मुलांनी थोडीच खाल्ली. उद्या लक्ष ठेवू." आणि हे कधी, तर आरोहीला शाळेतून काढायचं घरात ठरत असताना. तिचे आईवडील पुण्यात कामाला, पोरगी आजीकडं. हायवेजवळच्या एका इंग्रजी शाळेचे रंगीत व्हिडिओ बघून वडील भुलले होते. आमचा पट इतका खाली आलेला की ती गेली असती तर शाळेला कुलूपच लागलं असतं.

मी कपाळाला हात लावला. "सर, शाळा बुडवताय तुम्ही."

"करपली व्हती का न्हवती?"

"होती."

"मंग?"

अशा माणसाशी काय भांडायचं? त्यात आणखी एक खूळ. फोटोआधी आरोहीची वेणी मला घालायला लावायचे. आजीला धड दिसत नाही, वेणी वाकडी व्हायची. डीएडला हे शिकवलं नव्हतं, असं पुटपुटत मी रिबीन बांधायची.

शेवटी एका शनिवारी आरोहीची आई दाखला न्यायला आली. सरांनी कपाटाची किल्ली काढली.

ती म्हणाली, "सर, थांबा जरा. त्या शाळेचं पेज म्या रोज बघती. तिथं रोजच सण. माझी पोर उपाशी राहिली तर मला तिथनं कसं कळायचं? हितली करपलेली खिचडी बी कळती." मग माझ्याकडं वळली. "फोटूतली वेणी तुमीच घालता ना, बाई? आमच्या आत्याबाईंची अशी बसत न्हाई. राहू द्या दाखला. ह्यांना म्या सांगते."

ती गेल्यावर मी म्हटलं, "सर, जिंकलात की."

सर खिडकीतून बाहेर बघत होते.

"माझी लेक भोरला आजीकडं वाढली," ते म्हणाले. "म्या सारखा ह्या डोंगरातल्या शाळांवर. दुसऱ्यांची पोरं शिकवत बसलो. तिनं दुपारी काय खाल्लं, वेणी कुणी घातली, मला काय बी ठावं न्हाई. आता विचारतो, तर म्हणती, बाबा, आता कुठं आठवतंय."