उजळून दिलेला अंधार

संस्थेच्या दारातून आत आल्या आल्या बाई थबकल्या. समोरच्या भिंतीवर काल संध्याकाळपर्यंत फक्त आग लागल्यास काय करावे याची सूचना होती. आज तिथे चार फूट रुंद आणि चार फूट उंच अशी दोन चित्रं शेजारीशेजारी डकवलेली होती. डावीकडचं हिरवंगार चमकत होतं. तिथवर ठीक होतं. पण उजवीकडचंही हिरवं होतं, आणि ते काळं असायला हवं होतं. नुसतं सावळं नव्हे, काळंकुट्ट. त्या काळेपणापायी बाईंनी आयुष्याची आठ वर्षं घातली होती.

बाईंचं काम सांगायला सोपं आणि करायला जिवावरचं होतं. शरीरातल्या पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे बाहेरून आलेला निरोप अडकवून घेणाऱ्या खुंट्या म्हणा. एका जातीच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींवर असा एक रिसेप्टर खच्चून भरलेला असतो. बाईंनी अशी अँटीबॉडी घडवली होती की तिने फक्त त्याच रिसेप्टरला जाऊन चिकटावं आणि इतर पेशींकडे ढुंकूनही बघू नये. तिला चमकणारा हिरवा रंग जोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. आजारी पेशी हिरव्या दिसल्या की निम्मं काम झालं. रिसेप्टर नसलेल्या पेशी काळ्या राहिल्या की उरलेलं निम्मं. या दुसऱ्या, तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींना कंट्रोल म्हणतात. पहिलं निम्मं कुणालाही जमतं, असं बाई येताजाता सुनवायच्या. चिकटणारे पैशाला पासरी मिळतात. कुठे चिकटायचं नाही हे ज्यांना कळतं ते दुर्मीळ, हे त्यांचं माणसांबद्दलही मत होतं.

आणि आता ती भिंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की बाईंची अँटीबॉडी दिसेल त्याच्या गळ्यात पडते. अकरा वाजता तज्ज्ञांची समिती यायची होती. समितीने मान डोलावली तर काम पुढे चालू राहणार होतं आणि एक ना एक दिवस त्या अँटीबॉडीचं औषध होऊन ते रुग्णापर्यंत पोचणार होतं. नाही डोलावली तर महिनाअखेरीस प्रयोगशाळा रिकामी करायची, आणि पोटच्या पोरांसारख्या वाढवलेल्या पेशी कचऱ्यात. बाई घाबरल्या. पुढच्याच क्षणी त्यांचं डोकं फिरलं, आणि मग त्यांना जरा बरं वाटलं.

त्यांनी छपाईवाल्याला फोन लावला. त्याला कौतुकाचीच अपेक्षा होती.

"मॅडम, एक फोटो पार काळा आला होता. म्हटलं, काढणाऱ्याचा फ्लॅश पडला नसेल. मग मी स्वतः बसून उजळ केला. बघा, कशी एकेक पेशी दिसायला लागली. एवढं कोण करतं आजकाल?"

"तो काळाच हवा होता."

"पूर्ण काळा? मग छापायचा कशाला?"

हाच प्रश्न पंधरवड्यापूर्वी संचालकांनी विचारला होता, आणि त्या वेळी बाईंनी पाऊण तास त्यांचं डोकं खाल्लं होतं. आता तेवढा वेळ नव्हता. नवीन चित्र संध्याकाळपर्यंत मिळेल, असं छपाईवाल्याने दुखावलेल्या आवाजात सांगितलं. बाईंनी चित्राच्या कोपऱ्याला नख लावून ओढून पाहिलं. कागदाबरोबर भिंतीचा तळहाताएवढा पोपडा निघून आला.

त्या पोपडा हातात घेऊन उभ्या असतानाच नवा कोट घातलेले संचालक अवतरले. संचालक एके काळी चांगले संशोधक होते असं म्हणतात. हल्ली ते पाहुण्यांच्या गाड्या कुठे लागतील याचं संशोधन करत. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि मनापासून सांगितलं की त्यांना हे जास्तच आवडलं, एकाऐवजी दोन हिरवी. बाईंनी चूक समजावून सांगितल्यावर ते डगमगले नाहीत. त्यांनी आधी चित्राखाली छापलेल्या ओळी बदलायची सूचना केली. मग चित्रापुढे मोठी कुंडी ठेवायची केली. कुंडी आणली, ती चित्राच्या गुडघ्यापर्यंतही पोचेना. शेवटी ते वैतागले.

"बाई, दोन तासांचा प्रश्न आहे. समिती गेली की काढून टाकू. कोण एवढं निरखून बघतंय?"

"बघावं म्हणूनच लावलंय ना? खाली माझं नाव आहे, सर. एक तर हे काळं होईल, नाही तर मी इथेच उभी राहीन आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की हे खोटं आहे."

"तुम्ही असं करणार नाही."

"बघाच."

संचालक बाईंना अकरा वर्षं ओळखत होते. ते कोट सावरत गाड्यांची व्यवस्था बघायला निघून गेले.

बाईंचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, आणि त्या दिवशी त्याची शाळा दुपारची होती. बाईंनी त्याला फोन केला. "अहो, घरात काळा कार्डपेपर किती आहे?" तो म्हणाला, किती हवा? बाई म्हणाल्या, सोळा चौरस फूट. सव्वीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकला होता की अशा वेळी कारण विचारायचं नाही. त्याने फक्त विचारलं, चकचकीत की मॅट?

पाऊण तासात तो गुंडाळी, खळ आणि रंगाची बाटली घेऊन हजर झाला. शिडी मिळाली नाही म्हणून तो कुंडीच्या काठावर चढला आणि बाईंनी त्याचे पाय धरले. कार्डपेपरचे सहा तुकडे चिकटवून झाले तर सांधे दिसायला लागले. सांध्यांवर त्याने काळा रंग फिरवला तर तेवढेच पट्टे ओले चमकायला लागले. मग चमक सारखी दिसावी म्हणून त्याने सगळ्याच कागदावर रंग फिरवला. काम अप्रतिम झालं. बाईंनी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'छपाई चुकल्यामुळे चित्र झाकले आहे, खरे चित्र आत सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे', आणि ती खाली डकवली. नवऱ्याला शाळेला उशीर होत होता. तो रंगाची बाटली खिशात कोंबून पळाला.

समिती दहा मिनिटं आधीच आली. बाई हात धुऊन बाहेर येईपर्यंत तिन्ही तज्ज्ञ भिंतीपुढे उभे होते, आणि चिठ्ठी गायब होती. संचालकांच्या कोटाच्या खिशातून तिचं टोक डोकावत होतं. समितीचे अध्यक्ष म्हणजे सुकलेल्या खारकेसारखे एक वृद्ध प्राध्यापक, ज्यांनी उभ्या हयातीत कुणाला शाबासकी दिल्याचं ऐकिवात नव्हतं. ते डावीकडचं हिरवं चित्र ओलांडून थेट काळ्या चौकोनापुढे जाऊन थांबले होते. त्यांनी वहीत एक ओळ लिहिली आणि ते वळले.

"इतका स्वच्छ कंट्रोल मी चाळीस वर्षांत पाहिला नाही."

संचालकांचा चेहरा फुलला. हे आमच्या संस्थेचं यश, असं म्हणत त्यांनी अभिमानाने चित्रावर तळहात टेकवला. हात काढला तेव्हा तो मनगटापर्यंत काळा झाला होता. त्यांनी तो झटकन खिशात घातला आणि बाईंकडे असं पाहिलं की शब्दांची गरजच उरली नाही.

बाईंना मोह झाला. खोटं कशाला बोला, चांगलाच झाला. गप्प राहिलं की काम तगत होतं. त्यात सत्य तर काही वेगळं नव्हतं. आतलं चित्रही काळंच होतं, जवळजवळ. त्या 'जवळजवळ'पाशी त्या अडकल्या. आपल्या आठ वर्षांच्या कामाला मिळालेली ही पहिली दाद नवऱ्याच्या कार्डपेपरला मिळाली आहे, हे त्यांना सहन होईना.

"तो कार्डपेपर आहे," बाई म्हणाल्या. "वरून पोस्टर कलर लावलाय. हात लावू नका, ओला आहे. छापणाऱ्याने चित्र उजळ केलं होतं म्हणून मी झाकलं. तसं लिहूनही ठेवलं होतं. चिठ्ठी सरांकडे आहे. खरं बघायचं असेल तर आत चला."

संचालकांनी कपाळावरचा घाम पुसला, तोही नेमका त्याच हाताने. त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत दिवे मालवले. अध्यक्ष डोळा लावून बसले ते हलेचनात.

"दोन ठिपके दिसतात. वरच्या बाजूला."

"आहेत."

"कशाचे?"

"माहीत नाही."

अंधारातून संचालकांचा आवाज आला की धूळ असेल, साफसफाई आजच सांगतो.

"धूळ नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता आणि त्यांनी तो उतरवला नाही. "तीनदा प्रयोग केला, तिन्ही वेळा दिसले. हजारात दोन पेशींना ती का चिकटते, मला कळलेलं नाही. ते कळेपर्यंत मी ती कुठल्याही माणसाच्या शरीरात जाऊ देणार नाही. तुम्हाला घाई असेल तर प्रयोगशाळा खुशाल बंद करा. पण हे ठिपके मी पुसणार नाही."

कुणीतरी दिवा लावला. अध्यक्षांनी वही उघडून बाईंपुढे धरली. मघाशी भिंतीपुढे लिहिलेली ओळ तिथे होती: 'चित्रात फेरफार. काम बंद करावे.'

"जिवंत पेशींचा काळोख इतका सपाट नसतो," ते म्हणाले. "बाहेर मी दाद देत नव्हतो. तुम्ही ती घेता का, ते बघत होतो."

अध्यक्षांनी ती ओळ खोडली, खाली नवी लिहिली आणि वाचून दाखवली: या दोन ठिपक्यांचं कारण शोधण्यासाठी आणखी तीन वर्षं द्यावीत.

"तीन वर्षं पुरतील ना?"

"अगदी आरामात," संचालक म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी एकदा संचालकांच्या काळ्या कपाळाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं, आणि तिनाचे चार केले.