मांग दामासोची पुढची खोली

“माझी लिगाया वकिलीची परीक्षा पास झाली, तर रस्त्याकडची खोली तिची!” सगळे ज्याला मांग, म्हणजे काका, म्हणतात तो दामासो माइकवरून गरजला आणि जत्रेच्या पंगतीला बसलेल्या अख्ख्या बारांगायनं, म्हणजे गावानं, टाळ्या वाजवल्या. डुक्कर खरपूस भाजलेलं होतं, नारळाची दारू पोटात गेली होती. अशा वेळी माणूस स्वर्गसुद्धा वाटून टाकतो. सकाळी दारू उतरली, वचन मात्र उतरेना. चारशे लोकांनी ते ऐकलं होतं.

घरात खोल्या दोनच. मागच्या खोलीत दामासो, त्याची बायको सेव्हेरा (गावाची ‘आलिंग’, म्हणजे काकू), लिगाया आणि दोरीवरचे ओले कपडे. पुढच्या खोलीत दामासोचं गाण्याचं यंत्र. पडद्यावर शब्द येतात, आपण माइकवर गायचं, शेवटी यंत्र शंभरपैकी गुण देतं. लिगाया चुलीशेजारी पाटावर बसून दिवाणी कायदा पाठ करायची. दोनदा नापास झाली होती. तिला फार काही नको होतं. लावून घेता येईल असं एक दार आणि टेबलापुरती जागा.

मग दामासोच्या डोक्यात प्रकाश पडला. पोरगी पास झाली तर यंत्र ठेवायचं कुठं? कोंबड्यांत?

तोवर तो फक्त रविवारी गायचा. आता कोंबड्याच्या आधी सुरू करू लागला. दुपारी विरहगीतं, संध्याकाळी प्रेमगीतं, आणि पावसामुळं बाहेर जाता आलं नाही तर दोन्ही. लिगायानं कानात कापूस घातला, चर्चमध्ये जाऊन बसली, तिथून पाद्र्यानं झाडू मारायला उठवलं. सप्टेंबरात परीक्षा झाली. डिसेंबरात निकाल लागला. लिगाया थोडक्या गुणांनी नापास झाली. शेजाऱ्यांनी तिच्या फोटोचा अभिनंदनाचा मोठा फलक आधीच छापून ठेवला होता, तो कोंबड्यांच्या खुराड्यावर घातला.

“जाऊ दे पोरी,” दामासो म्हणाला, “अट पूर्ण झाली नाही, त्याला मी तरी काय करणार? पुढच्या खेपेला बघू.” आणि त्यानं माइक उचलला.

लिगाया उठली ती थेट बारांगायच्या कचेरीत. बापाविरुद्ध तक्रार!

सुनावणीच्या दिवशी कपिताना बिबियाना खुर्चीत बसली होती. गावची प्रमुख तीच, भांडणं मिटवणारीही तीच. या बैठकीत वकिलांना मज्जाव असतो. लिगायाला नापास होण्याचा तेवढा एकच फायदा झाला. भिंतीला टेकून अर्धी गल्ली उभी होती, आणि कोपऱ्यात आलिंग सेव्हेरा शेंगा सोलत होती.

“बोल,” कपिताना म्हणाली.

“कपिताना, अट घालणाऱ्यानंच ती मुद्दाम पूर्ण होऊ दिली नाही, तर कायदा ती पूर्ण झाली असं धरतो. तातांगनी मला पास होऊ दिलं नाही. म्हणजे मी पास झाले असं धरायचं आणि खोली मला द्यायची.”

“वा!” दामासो हसला. “म्हणजे नापास झाली बापामुळं आणि पास झाली असती तर स्वतःच्या अकलेनं! मी आपला माझ्या घरात गुणगुणतो. गाणं काय गुन्हा आहे?”

गल्लीत खसखस पिकली. कपितानानंही मान हलवली. मुद्दाम केलं हे सिद्ध कसं करणार?

लिगाया खाली बघून म्हणाली, “खरंय तातांगचं. चुकले मी. ते खरंच गुणगुणतात. आता वय झालं ना. आवाज उरलाय कुठं? चुलीपर्यंतसुद्धा पोचत नव्हता. मी उगाच त्यांच्या गाण्याला दोष दिला.”

“काय?” दामासोच्या मानेच्या शिरा फुगल्या. “आवाज उरला नाही? माझा?”

“दम लागतो तुम्हाला. यंत्रसुद्धा दयेनं गुण देतं.”

“दयेनं? अगं कार्टे, अठ्ठ्याण्णव पडलेत मला! चुलीपर्यंत पोचत नव्हता म्हणे! चांगला पोचावा म्हणून स्पीकर चुलीकडं वळवला मी! तू कापूस घातलास तेव्हा दुसरा स्पीकर उसना मागून आणला! विचार या सगळ्यांना!”

कुणाला विचारायची गरज उरली नव्हती. दामासोचा हात हवेतच राहिला. मग तो हळूच खाली आला.

“कार्टी पुढल्या वेळी पास होते बघ,” कपिताना पुटपुटली आणि तिनं पेन उघडलं. “अट पूर्ण झाली असं धरलं. दामासो, खोली द्या.”

“देईन की,” दामासो कुरकुरला. “नाही कुठं म्हटलं? माझ्या मनात येईल तेव्हा देईन.”

“ते चालत नाही,” लिगाया म्हणाली. “देणाऱ्याच्या मर्जीवर टांगलेलं वचन कायद्यात कचऱ्याच्या भावात जातं.”

“मग एक वर्षानं. नाहीतर असं कर, तुझं लग्न ठरलं की.”

“दोन महिने, तातांग. त्याच्यावर एक दिवस नाही.”

“सहा.”

“तीन. आणि रविवारी तुम्ही गा.”

“बास!” कोपऱ्यातून आवाज आला. आलिंग सेव्हेरानं शेंगांची टोपली खाली ठेवली. “तुम्ही दोघं माझी खोली वाटून घेताय. मला कुणी विचारलं?”

सगळे तिच्याकडं वळले.

“ते घर माझ्या बापानं माझ्या नावावर केलंय. या गायकाशी लग्न व्हायच्या चार वर्षं आधी. कागद ट्रंकेत आहे. जत्रेत चारशे लोकांसमोर याला माझी खोली दान करताना लाज वाटली नाही, ते सोडा. पण तू गं? तीनदा कायद्याची परीक्षा दिलीस. खोली कुणाची, हे एकदा विचारायचं सुचलं नाही? घरातलं म्हणजे बापाचं, हे कुठल्या पुस्तकात शिकलीस?”

लिगायाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. निकालाच्या दिवशीसुद्धा एवढा झाला नव्हता. “इनांग... मग मला नाही का मिळणार?”

“मिळणार की. दिली.”

“कधी? कुठल्या अटीवर?”

“अट कसली? ज्याला द्यायचं नसतं तो अटी घालतो.”

दामासो घसा खाकरून म्हणाला, “सेव्हेरा, पोरगी परत नापास झाली तर?”

“तर नापास होऊन खोलीत बसेल. दार लावून.”

कपिताना छापील कागदावर लिहीत होती, ती अडली. वीस वर्षांत या कागदावर ‘अट’ नावाचा रकाना कधी रिकामा राहिला नव्हता. “आलिंग सेव्हेरा, इथं काहीतरी लिहावं लागतं हो. वरचे लोक कागद परत पाठवतात. निदान मुदत तरी सांगा.”

सेव्हेरानं तिच्या हातातलं पेन घेतलं, रकान्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आत्ता’.

मग ती नवऱ्याकडं वळली. “उठा. दोन स्पीकर आहेत तुमचे, दोन खेपा लागतील.”